रक्त पातळ होईना, सरांना कुणी विचारीना

भूकंप

छातीत कळ आली की माणूस 'अगं आई गं' म्हणतो. मी 'भूकंप! पळा!' म्हणालो.

मी मूळचा निलंग्याकडचा, राहतो लातुरात आणि पोरांना केमिस्ट्री शिकवतो. लातुरात क्लास एवढे झाले, की शेवटी पोरं कमी पडायला लागली आणि मालकांनी नांदेडला शाखा काढली. आठवड्यातून एकदा तिकडं जाऊन मी ओरडून यायचो. ओरडून म्हणजे ओरडूनच. माझ्या क्लासात माइक फक्त शोभेला. शेजारच्या इमारतीतली पोरं फी तिथं भरतात आणि केमिस्ट्री भिंतीतून माझी शिकतात, अशी तक्रार दोन्हीकडचे मालक करतात.

त्या दिवशी नांदेडच्या शाखेत फळ्यावर बेंझिनची कडी काढत होतो. पाच कोन नीट आले. सहावा काढताना फळा डावीकडं गेला, पायाखालची फरशी उजवीकडं गेली. अंगाला दरदरून घाम. त्र्याण्णवचा भूकंप अंगावर घेतलेल्या माणसाला अशा वेळी दुसरं काही सुचतच नाही. तेव्हा आमच्या घरी आई मांडणीवर डब्यावर डबा आणि त्यावर पितळी तांब्या ठेवायची. तांब्या पडला की अंगणात पळायचं. मांजरानं तो इतक्यांदा पाडला आणि आम्ही इतक्यांदा पळालो, की मांजरच बेजार होऊन गल्ली सोडून गेलं. आम्ही हे हसून सांगतो. त्या हसण्याखाली काय काय गाडलं गेलंय, ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही.

तर मी ओरडलो. पोरं अशी पळाली, की दाराची चौकट सोबत घेऊन गेली असती. एक किनवटकडची पोरगी तेवढी पहिल्या बाकावर वही धरून बसून राहिली. म्हणाली, "सर, जमीन न्हाई हालायली. तुम्हीच हालायलात."

निदान तिनं केलं. ईसीजी नंतर झाला.

पाय धरणारा डॉक्टर

मला आधीपासून एक धास्ती होती. लातुरात कुठल्याही दवाखान्यात गेलं तरी आतला डॉक्टर माझा विद्यार्थी निघतो. ज्यांना मी बाकावर उभं केलं, त्यांच्यापुढं मागं उघड्या कपड्यात आडवं पडायचं म्हणजे इज्जतीचा पंचनामाच. त्या मानानं नांदेड परमुलूख. पोरांनी जवळच्या दवाखान्यात नेलं तेव्हा दुखण्यातही मला बरं वाटलं, की चला, इथं आपल्याला कुणी ओळखत नाही.

ॲंजिओप्लास्टीच्या टेबलावर मास्क लावलेला एक माणूस आला आणि त्यानं माझे पाय धरले. मला वाटलं, आगाऊ माफी मागतोय. म्हणजे आपला कारभार आटोपला.

"सर, मी बालाजी," मास्क म्हणाला. "मागच्या बाकावर बसायचो."

"कुठल्या बॅचचा?" मी विचारलं. ते आठवेपर्यंत त्यानं मनगटातून तार आत घातलीसुद्धा. मी जागाच होतो. पडद्यावर माझ्या हृदयाची नळी काळ्या मुळीसारखी वळवळत होती. मास्तराला भीती वाटली की तो प्रश्न विचारतो.

"ती स्प्रिंग घालतोस ती कशाची?"

"कोबाल्ट-क्रोमियम, सर."

"क्रोमियमचा अणुक्रमांक?"

"चोवीस, सर."

"हां. मग घाल."

स्टेंट बसली. सिस्टर म्हणाली, असला पेशंट तिनं जन्मात बघितला नाही. हे कौतुक आहे असं समजून मी झोपलो.

खुर्चीची अदलाबदल

दवाखान्यातले दिवस सगळ्यांचे सारखेच असतात. रक्त काढायला येणारा माणूस आपल्याला झोप लागायचीच वाट बघत असतो. जेवणात मीठ नावालाही नाही. सिस्टर मला 'बाबा' म्हणायची आणि डावा-उजवा कुठला दंड पुढं करायचा ते सांगायची. त्या इमारतीत मला हुकूम सोडणारी ती एकटीच. बाकी सगळे माझ्या आदराखाली दबून गेलेले. बालाजी राउंडला यायचा तो हात जोडून. त्याचे ज्युनिअर डॉक्टर त्याच्या मागं रांगेत हात जोडून. देवाची आरती चालली असावी आणि देवालाच सलाइन लावलेलं असावं, असा देखावा.

एका दुपारी शेजारच्या खाटेवरच्या पाटलांना घाईनं आत नेलं. सकाळीच त्यांनी मला देवणी बैलाच्या शिंगांवर व्याख्यान दिलं होतं. थोड्या वेळानं माणसं आली, गादी बदलली, नवी चादर ताणून घातली. त्या दुपारी मी एक अक्षर बोललो नाही, एवढं सांगितलं की माझ्या ओळखीच्या लोकांना पुढचं कळेल.

सुट्टी मिळायच्या दिवशी बालाजीनं मला त्याच्या खोलीत बोलावलं. मी आत गेलो तसा तो ताडकन उठला, स्वतःची फिरती खुर्ची मला दिली आणि पेशंटच्या स्टुलावर अंग चोरून बसला. मी खुर्ची एकदा गोल फिरवून बघितली. चांगली होती.

"सर, ह्या रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या. ह्या चुकवायच्या नाहीत," तो म्हणाला. "याशिवाय तुम्ही दुसरं काही औषध-बिवषध... घेत नसालच."

"छ्या!"

"हो सर. मला माहीतच होतं, सर."

ही आमची वैद्यकीय तपासणी. प्रश्न त्याचा, उत्तरही त्याचंच. मी फक्त खुर्ची फिरवली.

पेढे

आमच्या बाईंचं, म्हणजे सुनंदाचं, माहेर अर्धापूर. नांदेडच्या इतकं जवळ, की नांदेडात शिंकलं तर अर्धापुरात 'सत्य आहे' म्हणतात. महिनाभर तिथंच विश्रांती घ्यायची ठरलं. मेहुणा व्यंकट केळीचा बागायतदार. दाजींना भेटायला आलेल्यानं रिकामं जायचं नाही, म्हणून तो प्रत्येकाला एक फणी द्यायचा. लोक परत परत माझी तब्येत विचारायला यायला लागले.

पण एके दिवशी बागेत चालताना छाती परत जड झाली. कळ नाही; उशी ठेवून कुणीतरी वर बसल्यासारखं. बालाजीला फोन केला. त्यानं लगेच बोलावून घेतलं, ईसीजी काढला आणि रक्त तपासायला दिलं. संध्याकाळी रिपोर्ट आणायला व्यंकट गेला.

आता इथं एक गोष्ट समजून घ्या. आमच्याकडं आकडा म्हणजे मार्क. चौकाचौकात पोरांचे फोटो आणि फोटोखाली आकडा. आकडा वाढला की पेढे, घटला की बापाचं तोंड चुन्यासारखं. व्यंकटची मुलगी लातुरातच माझ्या क्लासात, त्यामुळं त्याला तर आकड्यांचं वेडच. त्यानं मागचा रिपोर्ट आणि आताचा रिपोर्ट शेजारी धरून बघितले. सीआरपी का काय ते दुपटीच्या वर गेलेलं. दुसरी प्लेटलेटची तपासणी, तिचाही आकडा घसघशीत.

फटफटी अंगणात लावायच्या आधीच तो ओरडला, "अक्का! दाजींनी रेकॉर्ड मोडलं! मागच्यापेक्षा डबल!"

हातात पेढ्यांचे खोके. गल्लीत वाटून झाले. सासूबाईंनी माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. आणि मी, ज्यानं पोरांना आयुष्यभर 'आधी एकक बघा, मग आकडा बघा' म्हणून कोकललं, तो मी उशीला टेकून मान डोलावत होतो. मनात म्हटलं, रक्तसुद्धा आपलं मेरिटचं.

दुसऱ्या दिवशी मी आणि सुनंदानं एक खोका बालाजीच्या टेबलावर ठेवला. त्यानं रिपोर्ट वाचला, खोक्याकडं बघितलं, परत रिपोर्ट वाचला. मी त्याच्या खुर्चीत, तो माझ्या स्टुलावर. त्याचं तोंड नापास झालेल्या पोरासारखं झालं.

"सर... हे आकडे कमी यायला पाहिजे होते."

"म्हणजे?"

"सीआरपी म्हणजे धूर, सर. अंगात कुठंतरी आग आहे एवढं कळतं. कुठं आहे ते धूर सांगत नाही. ही एक गोष्ट. दुसरी अशी, की आपल्या रक्तात गुठळी करणाऱ्या बारीक पेशी असतात, त्याच प्लेटलेट. गॅदरिंगच्या पोरांसारख्या, दिसली जागा की केला घोळका. आपण देतो ती गोळी म्हणजे त्यांना पांगवणारा शिपाई. तुमच्या बाबतीत शिपाई रोज कामावर जातो, पण घोळका काही हलत नाही. गोळी लागूच पडंना झाली. आणि घोळका जर त्या स्टेंटमध्ये झाला, तर..."

"तर काय?"

"परत अटॅक, सर," तो माझ्या पायांकडं बघत म्हणाला. मला सुनंदाकडं बघायची हिंमत झाली नाही. तिनं पेढ्यांचा खोका टेबलावरून हळूच उचलला आणि पिशवीत टाकला.

आग कुठंय?

मग सुरू झाली शोधमोहीम. छातीचा फोटो, पोटाची सोनोग्राफी, लघवी. गुडघे दाबून बघितले. माझ्या अंगाचा एवढा सर्व्हे झाला, की भूकंपानंतर लातूर जिल्ह्याचाही झाला नसेल.

अर्धापुरात प्रत्येकाचा आपापला शोध होता. सासूबाईंच्या मते दृष्ट. व्यंकटच्या मते प्रदेशदोष: "दाजींचं रक्त निलंग्याकडचं. तिखटाच्या ठेच्यावर वाढल्यालं. ते कुठं इवल्याशा गोळीचं ऐकतंय! डॉक्टर, डबल डोस द्या की."

"एवढं सोपं नसतं, मामा," बालाजी म्हणायचा. "आधी कारण सापडलं पाहिजे."

कारण सापडत नव्हतं, कारण ज्याच्याकडं होतं त्याला कुणी विचारत नव्हतं. बालाजी तपासण्या लिहायचा, कागद दोन्ही हातांनी मला द्यायचा आणि म्हणायचा, "सरांना काही जाणवलं तर सर सांगतीलच." मी खुर्ची फिरवायचो आणि त्याला गुठळी होण्यामागचं रसायनशास्त्र समजावून सांगायचो. तो 'हो सर, हो सर' करत लिहून घ्यायचा.

दिवसा मी असा विनोद करत फिरत होतो. पण जिना चढताना कठडा घट्ट धरायचो आणि पाठ टेकली की छातीवर हात ठेवून ठोके ऐकायचो. सुनंदा भाकरी थापताना मधेच थांबून माझ्याकडं बघायची. मी बघितलं की परत थापायला लागायची. आमची दोघांची बोलणी घटली. तिनं विचारायचं, "बरं हाय का?" मी म्हणायचं, "फर्स्ट क्लास." एकदा ती तवा आदळून म्हणाली, "आग लागो त्या फर्स्ट क्लासला."

त्याच्या पुढच्या खेपेला दवाखान्यात ते घडलं. मी सवयीनं फिरत्या खुर्चीकडं निघालो. बालाजी सवयीनं उठला.

"थांबा," सुनंदा म्हणाली. "उठा तिथून."

"मी कुठं बसलोय अजून?"

"बसूच नका. तुमची जागा ती." तिनं स्टुलाकडं बोट केलं. मग बालाजीकडं वळली. "आन् डॉक्टर, तुम्ही बसा तुमच्या खुर्चीत."

"मॅडम, सर उभे असताना मी कसा..."

"इथं सर कोण न्हाई. इथं माझा नवरा हाय आन् तुम्ही त्याचे डॉक्टर. ह्या माणसाला आजवर कुणी उलट प्रश्न विचारला न्हाई. त्याला सवयच न्हाई. तुम्ही विचारा. नसंल जमत तर तसं सांगा, मी ह्यास्नी हैदराबादला नेते."

बालाजी बसला. आधी काठावर, मग जरा मागं, मग टेकून. माझ्या डोळ्यांदेखत तो खुर्चीएवढा झाला. स्टूल एका पायानं लंगडं होतं. त्यावर बसल्यावर मला पहिल्यांदा पेशंट असल्यासारखं वाटलं.

"सर, औषधाचं आता तोंडी विचारत नाही. खिशात काय आहे?"

"रुमाल, पेन—"

"दुसऱ्या खिशात."

दुसऱ्या खिशातून कॅप्सूलची पट्टी निघाली. अर्धी संपलेली.

"हे काय?"

"हे? हे काही औषध नाही रे. ॲसिडिटीचं आहे."

"रोज घेता?"

"घेता काय घेता! क्लासवाला कुठला घेत नाही? सकाळी उपाशीपोटी एक टाकायची, मग चहावर चहा. आमच्याकडं ही बडीशेपेत जमा. मेडिकलवाला सुट्ट्या पैशांऐवजी देतो."

"किती वर्षं?"

मी छताकडं बघितलं. बालाजीनं कपाळाला हात लावला.

"सर, तुमची ती रक्ताची गोळी पोटात जाते तेव्हा कच्ची असते. यकृताच्या चुलीवर शिजली की मग तिचं औषध होतं. आणि तुमची ही कॅप्सूल, ॲसिडिटीच्या औषधांतली ही एक जात, नेमकी त्याच चुलीवर भांडं ठेवून बसते. गोळी शिजणार कुठं?"

"अरे, पण हे तर... एन्झाइमसाठी दोन रेणूंची स्पर्धा! अगदी साधी गोष्ट आहे. म्हणजे बघ, समज—"

"गप्प बसा!"

बाहेर नंबर पुकारणारा पुकारायचा थांबला. बालाजीलाच स्वतःच्या आवाजाची अशी भीती वाटली, की तो खुर्चीतून अर्धा उठला.

"बसा, डॉक्टर," सुनंदा म्हणाली. "बसूनच बोला. चांगलं चाललंय."

तो बसला. घाम पुसला. म्हणाला, "आ करा."

हयातभर उघडं असलेलं माझं तोंड. त्यातून निघालेलं हजारो पोरांनी लिहून घेतलं. पण आत बॅटरी टाकून बघायचं आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यानं बघितलं. डाव्या खालच्या दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा, बोळ्याखाली भोक, भोकाच्या बाजूला सुजलेली हिरडी. त्यानं बोटानं नुसतं दाबलं. मी स्टुलावरून जो उडालो, तो पंख्याला लागायचा राहिलो.

"पू आहे," बालाजी म्हणाला. "धूर बहुतेक इथूनच निघतोय. दाढ दुखते हे का सांगितलं नाही?"

"तू हृदयाचा डॉक्टर. दाढेचं तुला कशाला सांगायचं?"

सुनंदा भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, ते मी विचारलं नाही.

दाढ

हे हृदयाचं दुखणं कुणाला होऊन गेलेलं असेल, चालू असेल, तर हात जोडून एवढंच सांगतो. तुमच्या डॉक्टरनं विचारलं नाही तरी सांगा. जे जे तोंडात टाकता ते सगळं सांगा: खिशातलं, डब्यातलं, शेजारणीनं दिलेलं, वैदूनं दिलेलं. ते औषध आहे की बडीशेप, हे त्याला ठरवू द्या. आणि गोळी मनानं बंद करू नका, मनानं दुप्पट करू नका. माझा डॉक्टर माझ्या पाया पडत होता आणि मी त्या आशीर्वादाच्या भरात मरायला निघालो होतो.

कॅप्सूल बदलली. दाढेसाठी अँटिबायोटिक सुरू झालं. सूज उतरल्यावर दाढ काढायची ठरली, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद न करता. तसं बालाजीनं दातांच्या डॉक्टरीणबाईंना फोन करून स्वतः सांगितलं. त्या परभणीच्या. माझ्याकडं शिकलेल्या नव्हत्या, देव पावला. त्यांनी मला दारातच "चप्पल बाहेर काढा" म्हणून दरडावलं. मी काढली. नव्या जन्मातला माझा हा पहिला आज्ञापालनाचा धडा.

दरम्यानचे दिवस मात्र हसण्यावारी न्यायचे नव्हते. गोळी आता तरी शिजते की नाही, ते रक्त परत तपासल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि तपासणीला अवकाश होता. तोवर घोळका पांगला की तसाच उभा, कुणाला ठाऊक. सुनंदा मला बागेतसुद्धा एकट्याला जाऊ देत नव्हती. मी केळीच्या झाडाला टेकलो तरी दारातून हाक यायची.

दाढ निघाली. एका हिसक्यात नाही. तिनं माझ्यासारखाच वाद घातला. निघाल्यावर बाईंनी कापसाची घडी दाबून ठेवायला सांगितली. थोड्या वेळानं काढून बघितली, तर लाल. दुसरी ठेवली. तीही लाल. मी तोंड मिटून खुर्चीचे दोन्ही हात धरून बसलो.

"का हो, थांबंना का?" सुनंदानं विचारलं.

"वेळ लागणार, काकू. घाबरू नका, थांबेल," बाई म्हणाल्या. "रक्त पातळ आहे ना यांचं."

"काय म्हणालात?"

"पातळ आहे म्हटलं. गोळीचा परिणाम."

सुनंदानं तिथूनच बालाजीला फोन लावला. स्पीकरवर त्याचा आवाज आला. "मॅडम, दाढेच्या रक्तावरून तसं ठरवता येत नाही. रक्त पातळ ठेवणारी अजून एक गोळी आहेच त्यांना. परवा रीतसर तपासणी करू, मग सांगतो."

"तुमचं तुम्ही परवा सांगा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

परवाच्या तपासणीतही आकडे खाली आले. बालाजीनं ते खुर्चीत बसून वाचून दाखवले. पण ते परवा. त्या दिवशी दातांच्या दवाखान्यात माझ्या तोंडात तिसरी घडी होती, त्यामुळं मला एक शब्द बोलता येत नव्हता. दुसरी घडी बाईंनी ट्रेमध्ये टाकली होती. सुनंदानं तो ट्रे उचलून खिडकीपाशी नेला आणि साडीच्या दुकानात बायका पदर उजेडात धरतात, तसा तिरका करून बघितला. बराच वेळ बघितला.

"ह्यो रंग चांगलाय," ती म्हणाली.